दादरा-नगर हवेली कोणाची होती? पेशव्यांच्या सनदा थेट हेगच्या कोर्टात उघडल्या गेल्या, त्याची गोष्ट

जगात कुठंही दोन देशांमध्ये सीमेवरून वाजलं की आपल्या फोनवर हमखास एक गोष्ट येते, ती म्हणजे जुना नकाशा. त्यावर लाल रंगात गोल केलेला असतो आणि खाली लिहिलेलं असतं, "बघा, हे आमचंच होतं." मग दुसऱ्या बाजूचा कुणीतरी त्याहून जुना नकाशा आणतो आणि कमेंट्समध्ये पुढचे दोन दिवस तेच चालतं.

पण असं भांडण खरंच आंतरराष्ट्रीय कोर्टात गेलं तर तिथं काय चालतं? नकाशा दाखवून काम भागतं का? की जास्त जुना इतिहास सांगणारा जिंकतो?

याचं उत्तर शोधायला लांब जायची गरज नाही. पालघर आणि नाशिक जिल्ह्यांना लागून असलेल्या दादरा-नगर हवेलीवरून भारत आणि पोर्तुगाल यांची केस हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात चालली होती. आणि तिथं न्यायाधीशांसमोर आल्या होत्या चक्क पेशव्यांच्या सनदा.

सुरुवात 1779 मध्ये

17 डिसेंबर 1779 ला मराठे आणि पोर्तुगीज यांच्यात एक करार झाला. इतिहासात तो पुण्याचा करार म्हणून ओळखला जातो. तेव्हा इंग्रजांशी पहिलं मराठा युद्ध सुरू होतं आणि पुणे दरबाराला पोर्तुगीजांची मैत्री कामाची होती. मैत्रीच्या बदल्यात पेशव्यांनी दमणच्या जवळच्या गावांमधून वर्षाला 12,000 रुपयांचं उत्पन्न पोर्तुगीजांना द्यायचं कबूल केलं. पुढे 1783 आणि 1785 मध्ये त्यासाठी सनदा निघाल्या. हीच गावं म्हणजे दादरा आणि नगर हवेली.

1818 मध्ये पेशवाई संपली आणि आजूबाजूच्या मुलखावर इंग्रज आले. पोर्तुगीज मात्र या गावांमध्ये तसेच राहिले. 1947 ला इंग्रज गेले, तरी पोर्तुगीज तिथंच.

अडचण अशी होती की या गावांना समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारत आणि मध्ये पोर्तुगीज अंमलाखालची गावं. दमणहून तिथं जायचं तर भारताच्या हद्दीतूनच जावं लागायचं.

1954 च्या जुलै महिन्यात गोवा मुक्तीसाठी लढणाऱ्या वेगवेगळ्या गटांच्या स्वयंसेवकांनी आधी दादरा घेतलं. 2 ऑगस्टला सिल्वासाही मुक्त झालं. बंड मोडायला पोर्तुगालला दमणहून फौज पाठवायची होती, पण भारताने आपल्या हद्दीतून जाऊ दिलं नाही.

पोर्तुगाल कोर्टात गेला

14 डिसेंबर 1955 ला पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचं सदस्यत्व मिळालं. 19 डिसेंबरला त्यांनी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा अधिकार मान्य केला आणि बरोबर तीन दिवसांनी, 22 डिसेंबरला, भारतावर केस टाकली.

मागणी काय होती? शेतीच्या भाषेत सांगायचं तर वहिवाटीचा रस्ता. माझं शेत आत आहे, तुझ्या बांधावरून मी वर्षानुवर्षं ये-जा करतोय, आता तू रस्ता अडवू शकत नाहीस, असं पोर्तुगालचं म्हणणं होतं.

भारताकडून अ‍ॅटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. ज्या देशाचा न्यायाधीश खंडपीठावर नसतो त्याला त्या केसपुरता एक न्यायाधीश नेमता येतो. भारताने एम. सी. छागला यांना नेमलं.

आता गावापर्यंतचा रस्ता मागायचा तर ते गाव आपलं होतं, हे आधी दाखवावं लागतं. त्यामुळे विषय फिरून दीडशेहून जास्त वर्षं जुन्या सनदांवर आला.

मालकी की फक्त महसूल?

भारताचा मुद्दा असा होता की पेशव्यांनी पोर्तुगीजांना गावं दिलीच नव्हती, दिला होता तो फक्त महसूल. म्हणजे जहागीर किंवा सरंजाम. आपल्याकडे सरंजाम मिळालेला सरदार गावाचा वसूल घ्यायचा, पण तो त्या गावाचा राजा होत नव्हता. वर सत्ता छत्रपतींची आणि पेशव्यांचीच राहायची, आणि ठरवलं तर सरंजाम परतही घेता यायचा.

12 एप्रिल 1960 ला निकाल आला. सनदांच्या बाबतीत कोर्टाने भारताचं म्हणणं मान्य केलं. मराठ्यांनी दिला तो जहागीर किंवा सरंजाम, सार्वभौमत्व दिलं नव्हतं.

वाचणाऱ्याला वाटेल की भारत जिंकला. पण कोर्ट इथं थांबलं नाही.

कोर्टाने पुढे बघितलं की मराठ्यांनंतर काय झालं. इंग्रज आले तेव्हा गावांचा सगळा कारभार पोर्तुगीज एकट्यानेच चालवत होते. इंग्रजांनी ते पाहिलं, चालू दिलं आणि ही गावं आपली आहेत असा दावा कधी केला नाही. इंग्रजांनंतर भारतानेही सुरुवातीची काही वर्षं तीच स्थिती चालू ठेवली. त्यामुळे कागदावर जो सरंजाम होता, तो प्रत्यक्ष कारभारामुळे आणि शेजाऱ्याच्या गप्प बसण्यामुळे पोर्तुगालचं सार्वभौमत्व बनला, असं कोर्टाने मानलं.

आणि रस्त्याचं काय? माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान यांना जायचा हक्क 1954 मध्ये पोर्तुगालला होता, हे कोर्टाने 11 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं. पण सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रं नेण्याचा हक्क नव्हता, हे 8 विरुद्ध 7 मतांनी, म्हणजे एका मताच्या फरकाने ठरलं. आणि 1954 च्या तणावात भारताने रस्ता बंद केला यात काही बेकायदा नव्हतं, हे 9 विरुद्ध 6 मतांनी.

थोडक्यात, हक्क होता असं पोर्तुगालने सिद्ध केलं, पण त्यातून हाती काहीच लागलं नाही.

मग कोर्ट नेमकं बघतं तरी काय?

या केसमधून तीन गोष्टी निघतात. जमिनीवरून चालणाऱ्या बहुतेक केसेस याच तीन प्रश्नांभोवती फिरतात.

*1. करार काय सांगतो?* लेखी करार असेल तर सुरुवात तिथून होते. पण त्यातल्या शब्दांचा अर्थ त्या काळाप्रमाणे लावला जातो. सरंजाम म्हणजे काय, हे 1960 च्या नाही तर 1780 च्या चष्म्यातून बघितलं गेलं.

*2. कारभार कोण चालवत होतं?* कर कोण घ्यायचं, पोलीस कोणाचे होते, कायदा कोणाचा चालायचा? "हजार वर्षांपूर्वी आमच्या राजाचं राज्य होतं" या वाक्यापेक्षा शंभर वर्षांच्या वसुलीच्या वह्या कोर्टात जास्त कामाला येतात.

*3. दुसरी बाजू गप्प का होती?* ही सगळ्यात महागात पडणारी गोष्ट आहे. कंबोडिया आणि थायलंडच्या सीमेवर डोंगरकड्यावर प्रेह विहार नावाचं ख्मेर राजांनी बांधलेलं शंकराचं मंदिर आहे. 1904 च्या करारात सीमा पाणलोटाच्या रेषेवरून जाईल असं ठरलं होतं. पण फ्रेंच अधिकाऱ्यांनी 1907 मध्ये काढलेल्या नकाशात मंदिर कंबोडियाच्या बाजूला दाखवलं गेलं. थायलंडने, म्हणजे तेव्हाच्या सयामने, आक्षेप घेतला नाही. उलट नकाशाच्या आणखी 15 प्रती मागवल्या! 1962 मध्ये कोर्टाने 9 विरुद्ध 3 मतांनी मंदिर कंबोडियाला दिलं. नकाशा होता म्हणून नाही, तर समोरच्याने तो इतकी वर्षं चालवून घेतला म्हणून.

एखाद्या ओसाड बेटावर शेजारी देशाने साधा झेंडा लावला तरी सरकारं लगेच निषेधाचं पत्र का पाठवतात, ते आता लक्षात येईल. ते पत्र त्या दिवसासाठी नसतं. पन्नास वर्षांनी कुणी "तुम्ही तर गप्प होतात" असं म्हणू नये, म्हणून असतं.

मग सगळे वाद कोर्टात का जात नाहीत?

कारण आंतरराष्ट्रीय न्यायालय हे तालुक्याच्या कोर्टासारखं नाही. शेजाऱ्याने दावा टाकला म्हणून तुम्हाला हजर व्हावंच लागतं असं तिथं नसतं. दोन्ही देशांनी कोर्टाचा अधिकार कुठल्या ना कुठल्या मार्गाने मान्य केलेला असावा लागतो.

भारताने 1974 मध्ये दिलेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट अटी घातल्या. आपल्या हद्दीचे आणि सीमेचे वाद, तसंच राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद या कोर्टाच्या बाहेर. 1999 मध्ये आपलं लष्करी विमान पाडल्याची केस पाकिस्तानने टाकली, ती राष्ट्रकुलाच्या याच अटीमुळे 2000 साली फेटाळली गेली. काश्मीरचा प्रश्न हेगला का जात नाही, हे विचारणाऱ्यांसाठी कायद्याच्या बाजूने उत्तर इथंच आहे.

दुसरा मार्ग म्हणजे लवाद. दोन्ही बाजू मिळून पंच नेमतात आणि निर्णय मानायचं आधीच कबूल करतात. 1965 मध्ये कच्छच्या रणावरून भारत-पाकिस्तानात लढाई झाली, त्यानंतर हाच मार्ग घेतला गेला. तीन पंच होते. एक भारताने सुचवलेला, एक पाकिस्तानने आणि अध्यक्ष स्वीडनचे. 1968 च्या निवाड्यात वादातला जवळपास 90 टक्के भाग भारताकडे राहिला, साधारण 10 टक्के पाकिस्तानला गेला. त्यावरून संसदेत बराच गदारोळ झाला, पण भारताने निवाडा पाळला.

सगळेच पाळतात असं नाही. दक्षिण चीन समुद्रातल्या हक्कांवर 2016 मध्ये फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा आला, चीनने तो मानला नाही. निवाडा अमलात आणायला लवादाकडे पोलीस नसतात.

निकालानंतरही गोष्ट संपत नाही

प्रेह विहारचा निकाल लागून साठ वर्षं उलटली, तरी त्याच सीमेवर जुलै 2025 मध्ये पाच दिवस लढाई झाली. दोन्हीकडच्या लाखो लोकांना घरदार सोडून पळावं लागलं.

दादरा-नगर हवेलीचा शेवटही हेगमध्ये झाला नाही. 1954 नंतर तिथं वरिष्ठ पंचायत कारभार बघत होती. भारतात विलीन व्हायचं तर करारावर त्यांच्या बाजूने सही कोण करणार? त्यासाठी के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्यांना एका दिवसासाठी तिथलं पंतप्रधान करण्यात आलं. 11 ऑगस्ट 1961 ला विलीनीकरण झालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लष्करी कारवाईने गोवा, दमण आणि दीव भारतात आले. पोर्तुगालने हे मानलं नाही. पोर्तुगालमधली हुकूमशाही पडली, त्यानंतर डिसेंबर 1974 मध्ये करार झाला आणि तेव्हा कुठं त्यांनी या सगळ्या प्रदेशांवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. म्हणजे कोर्टाच्या निकालानंतर आणखी 14 वर्षांनी.

या सगळ्यात तिथं राहणाऱ्या वारली, कोकणा लोकांना हेगमध्ये कुणी काही विचारलं नव्हतं. केस त्यांच्या गावांपर्यंतच्या रस्त्याची होती, पण पक्षकार होते फक्त दोन देश.

याच्या उलट उदाहरण आहे भारत-बांगलादेशचं. एकमेकांच्या हद्दीत अडकलेल्या छोट्या तुकड्यांची अदलाबदल 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री झाली. बांगलादेशातले भारताचे 111 आणि भारतातले बांगलादेशचे 51 तुकडे होते. तिथल्या पन्नास हजारांवर लोकांना कुठल्या देशाचं नागरिक व्हायचं ते स्वतः निवडता आलं. कोर्ट नाही, लवाद नाही, दोन सरकारांचा करार. त्याला 1974 पासून 41 वर्षं लागली, पण इतकी वर्षं कुठल्याच देशाची धड कागदपत्रं नसलेल्या लोकांच्या हातात शेवटी ओळखपत्रं आली.

त्यामुळे पुढच्या वेळी "हा घ्या पुरावा" म्हणत एखादा नकाशा फॉरवर्ड होऊन आला, तर तीन प्रश्न विचारून बघा. यावर दोघांचा करार झाला होता का? तिथं कर कोण वसूल करत होतं? आणि दुसऱ्याने आक्षेप घेतला होता का? उत्तरं नसतील, तर हेगच्या कोर्टात तो नकाशा एकटा फार वेळ टिकणार नाही.