मठातील वाफे आणि आपले अंगण

धर्मग्रामातील घरांना आशीर्वाद देण्यासाठी दरवर्षी फिरताना एक बदल आमच्या ध्यानात येऊ लागला आहे. घरे मोठी झाली, कौले जाऊन स्लॅब आले, आणि अंगण मात्र लादीखाली झाकले गेले. कुंपणालगत उरलेल्या दोन हात पट्टीत पाच-सहा कुंड्या असतात. त्यांतील निम्म्या रोपांनी मान टाकलेली असते. घरची बाई ओशाळून म्हणते, "फादर, फुलझाडे लावतो आम्ही, पण टिकतच नाहीत." या वाक्यामागे आळस नसतो. रोप आधी घरात येते आणि जागेचा विचार मागाहून सुचतो, एवढाच तो दोष.

हा दोष आमच्याही हातून घडला आहे. या धर्मग्रामात आलो, त्या पहिल्याच पावसाळ्याअखेर मोठ्या हौसेने आम्ही धर्मगुरुनिवासासमोरील सगळ्या जागेत झेंडू आणि शेवंती लावली. नाताळात वेदी फुलांनी भरून गेली. आम्हांला धन्यता वाटली. पुढे मे महिना, म्हणजे पवित्र मरियेचा महिना उजाडला, तेव्हा अंगणात वाळक्या काड्यांशिवाय काही नव्हते. महिनाभर वेदीसाठी बाजारातून जर्बेरा आणावा लागला. जपमाळेला नेमाने येणाऱ्या एका आजीने आम्हांला विचारले, "फादर, मे महिना मोगऱ्याचा. तो कुठे लावलात?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. तेव्हापासून आम्ही बागेच्या आराखड्याचा इतिहास वाचू लागलो, आणि वाचता वाचता उमगले की आजींचा प्रश्न ख्रिस्तसभेच्या मठांत हजार-बाराशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता: फूल कोणासाठी आणि केव्हा?

मठ आणि बाग यांचे नाते प्रारंभापासूनचे आहे. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या संन्याशांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या सहासष्टाव्या प्रकरणात मठाच्या आवारातच पाणी, गिरणी आणि बाग असावी, असे सांगितले आहे. सम्राट शार्लमेन यांच्या काळात, सुमारे इ. स. ८०० मध्ये, राजाच्या जमिनींसाठी एक हुकूमनामा निघाला. त्यात बागेत कोणकोणती झाडे हवीत याची मोठी यादी आहे; आणि धान्य-भाजीपाल्याचा हिशेब पाहणाऱ्या त्या व्यवहारी कागदात यादीचा आरंभ होतो तो लिली आणि गुलाब या दोन फुलांनी.

तथापि खरा नवलाचा ठेवा आहे तो स्वित्झर्लंडमधील संत गाल मठाच्या ग्रंथालयात. सुमारे इ. स. ८२० ते ८३० च्या दरम्यान रायखेनाऊ येथील मठात चर्मपत्राचे पाच तुकडे शिवून त्यांवर एका आदर्श मठाचा नकाशा रेखाटला गेला आणि तो संत गाल मठाचे प्रमुख गोझबर्ट यांना पाठविण्यात आला. पुढे बाराव्या शतकात कोणी तरी त्याच्या पाठीमागे संत मार्टिन यांचे चरित्र लिहिले, आणि त्या चरित्रासाठी म्हणून हा नकाशा जपला गेला. त्यात भाजीची बाग वेगळी, फळझाडांची वेगळी. फळझाडे आहेत ती दफनभूमीतच: मधोमध क्रूस, भोवती मृत बंधूंच्या समाध्या आणि त्यांवर फळझाडांची सावली. तिसरी बाग वैद्याच्या घरालगत, आजाऱ्यांच्या खोल्यांजवळ आहे. तीत सोळा वाफे आखलेले आहेत, आठ कडेने आणि आठ मधोमध. आणि प्रत्येक वाफ्यावर एकाच वनस्पतीचे नाव. ती नावे वाचताना आपल्या स्वयंपाकघराची आठवण व्हावी: जिरे, मेथी, पुदिना, बडीशेप! आणि त्यांच्याच पंगतीत लिली आणि गुलाब.

घरची बाग आखणाऱ्याने या नकाशापुढे क्षणभर थांबावे. नकाशा काढणाऱ्याने कोणते फूल सुंदर हे आधी ठरविलेले नाही. आजारी माणूस कुठे झोपेल, वैद्य कुठून येईल, मृत बंधूला कुठे निजवायचे, हे त्याने आधी ठरविले आणि त्यावरून वाफ्यांच्या जागा ठरल्या. वाफेही अरुंद आणि परस्परांपासून वेगळे, म्हणजे मधल्या वाटेवर उभे राहून झाडाला हात पोहोचावा आणि मातीवर पाय पडू नये.

नकाशा कागदावर राहतो. घाम मातीत गाळावा लागतो. ज्या रायखेनाऊ बेटावर तो नकाशा निघाला, तेथेच वालाफ्रिड स्ट्राबो नावाचे संन्यासी होऊन गेले. इ. स. ८३८ मध्ये ते त्या मठाचे प्रमुख झाले आणि ८४९ मध्ये लुआर नदी ओलांडताना बुडून मरण पावले. या विद्वान गुरूने आपल्या दारासमोरच्या लहानशा बागेवर ४४४ ओळींचे लॅटिन काव्य रचले. हिवाळा संपता संपता पूर्वाभिमुख अंगणात खाजकुईलीसारखी अंगाला झोंबणारी रानटी झुडपे कशी माजली, ती मुळांसकट कशी उपटली, माती वाहून जाऊ नये म्हणून वाफ्यांना फळ्यांचा बांध कसा घातला, पाणी कसे वाहून आणले, हे सारे त्यांनी सांगितले आहे. बागेचा एक भाग छपराखाली येत असल्याने तेथे पाऊस पोहोचत नाही आणि दुसरा उंच भिंतीमुळे उन्हाला पारखा होतो, हेही त्यांनी नोंदविले आहे. काव्याच्या शेवटी येतात तीच दोन फुले, गुलाब हुतात्म्यांच्या रक्ताचे चिन्ह म्हणून आणि लिली निर्मळ श्रद्धेचे चिन्ह म्हणून.

मठाचा प्रमुख आपल्या अंगणातील ऊन, सावली आणि पागोळ्या यांची इतकी बारीक नोंद ठेवतो, यात आम्हांला मोठा धडा दिसतो. रोप आणण्यापूर्वी एक दिवस घराच्या पायरीवर बसावे. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी ऊन कुठे पडते ते पाहावे आणि पावसात पागोळ्यांचे पाणी कुठे कोसळते ते ध्यानात ठेवावे. मोगऱ्याला, गुलाबाला भरपूर ऊन हवे. सोनटक्क्याला ओल आणि थोडी सावली मानवते. फळ्यांचा बांधही आपल्याला परका नाही. उलट्या रोवलेल्या जुन्या कौलांची किनार घातलेले वाफे आपल्या वडीलधाऱ्यांच्या अंगणात होतेच. कोकणच्या पावसात ती किनार नसेल, तर शेणखत आणि माती दोन्ही वाहून जातात.

वालाफ्रिडनंतर सुमारे चारशे वर्षांनी अल्बर्ट द ग्रेट हे डॉमिनिकन संन्यासी होऊन गेले. ख्रिस्तसभेने १९३१ साली त्यांना संतपद दिले. वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात, सुमारे १२६० साली, त्यांनी केवळ मन रमावे यासाठी असलेल्या बागेची आखणी सांगितली आहे. मधोमध बारीक हिरवळ; तिच्या कडेने सुगंधी वनस्पती आणि फुलझाडे; या दोहोंच्या मध्ये उंच केलेल्या मातीवर हिरवळ वाढवून केलेले आसन; शक्य असल्यास मध्यभागी दगडी कुंडात वाहते पाणी. झाडे अशी असावीत की उन्हाला आड होईल. मधली जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वारा खेळता राहील. हा सल्ला आमच्या दुपारच्या उन्हालाही तंतोतंत लागू पडतो. परंतु त्याहून मोलाचे आहे ते आसन. बसायला जागा नसलेल्या बागेला मालक फक्त पाणी घालायला जातो, आणि कंटाळा आला की तेही थांबते. जिथे संध्याकाळी दोन माणसे बसून बोलतात, तिथली झाडे सहसा वाळत नाहीत. बोलता बोलता कोणाची तरी नजर मलूल पानावर जातेच.

अल्बर्ट तरुण होते, त्याच काळात इटलीत संत फ्रान्सिस असिसीकर (निधन १२२६) वावरत होते. त्यांचे चरित्रकार थॉमस सेलानो यांनी नोंदविले आहे की, सगळ्या जमिनीत भाजी लावू नये, थोडी जागा आपोआप उगवणाऱ्या गवतासाठी व फुलांसाठी राखून ठेवावी, असे संतांनी बागकाम करणाऱ्या बंधूला सांगितले होते. ती फुले पाहून माणसाने निर्मात्याची स्तुती करावी, हा त्यांचा हेतू. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकातही या प्रसंगाची आठवण दिली आहे. आराखड्यातला सर्वांत अवघड भाग हाच, असे आम्हांला वाटते. मोकळी जागा पाहिली की आमचे हात शिवशिवतात. एक तर तिथे कुंडी येते, नाही तर लादी. परंतु पहिल्या पावसानंतर उगवणारा तेरडा आणि त्यावर भिरभिरणारी फुलपाखरे त्या मोकळ्या मातीतच येतात, आणि विहिरीला मिळणारे पाणीही तिथूनच मुरते.

पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका खंडाकडे जहाजे जाऊ लागली आणि बागेचा आराखडा तोच राहून तिच्यातील झाडे बदलली. आज आपण ज्यांना आपली म्हणतो, त्यांतील कितीतरी फुले पाहुणी आहेत. झेंडू आणि निशिगंध मूळचे मेक्सिकोचे. गुलबक्षी, कर्दळ आणि दफनभूमीतील खुरचाफा अमेरिकेचे. बोगनवेल ब्राझीलची आणि सदाफुली मादागास्करची. मेक्सिकोतील कॅथलिक कुटुंबे २ नोव्हेंबरला मृतांच्या स्मरणार्थ झेंडूच मांडतात, हे कळले तेव्हा आमच्या अंगणातील झेंडूकडे आम्ही निराळ्या नजरेने पाहिले. अमेरिकेतीलच एका वेलीच्या फुलात तेथील मिशनऱ्यांना प्रभूचे दुःखसहन दिसले: तंतूंच्या वलयात काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा, तीन कुक्षींत तीन खिळे. याकोमो बोझिओ यांनी १६१० साली क्रूसावरील आपल्या ग्रंथात या फुलाला स्थान दिले. तीच वेल आपल्याकडे आली आणि कृष्णकमळ झाली. आपल्या हिंदू शेजाऱ्यांनी तिच्यात शंभर कौरव आणि पाच पांडव पाहिले. एकाच कुंपणावरच्या एका फुलाकडे दोन घरे आपापल्या भक्तीने पाहतात, यात आम्हांला विसंगती वाटत नाही. कुंपणावर वेल असली की ती दोन्ही अंगणांत फुलते.

राहिला आजींच्या प्रश्नाचा दुसरा भाग: केव्हा? त्याचे उत्तर मठाबाहेर, इंग्लंडमधील गर्ट्रूड जेकिल (१८४३ ते १९३२) या बाईंच्या कामात सापडते. त्या चित्रकार आणि भरतकाम करणाऱ्या. दृष्टी अधू होत चालली, तेव्हा १८९१ मध्ये वैद्यांनी बारीक काम सोडण्यास सांगितले, आणि त्यांनी आपली सारी कला मातीकडे वळविली. आयुष्यात सुमारे चारशे बागांचे आराखडे त्यांनी केले. सरे परगण्यातील मन्स्टेड वूड या त्यांच्या राहत्या घरी दोनशे फूट लांब आणि चौदा फूट रुंद असा फुलांचा पट्टा होता. दोन्ही टोकांना निळसर, राखाडी असे शांत रंग आणि मध्याकडे जाताना पिवळा, नारिंगी व शेवटी लाल. बाई एक-एक सुटे झाड लावीत नसत. एका जातीची अनेक झाडे लांबट पुंजक्यात लावीत. एका पट्ट्याने वर्षभर फुलावे ही अपेक्षा त्यांनी सोडून दिली होती. वसंतासाठी एक जागा, उन्हाळ्यासाठी दुसरी, अशी त्यांनी ऋतूंची वाटणी केली, आणि जिथे एखादे झाड बहर संपून रिकामे पडे, तिथे राखून ठेवलेली कुंडी आणून ठेवीत.

ही वाटणी आपल्या पंचांगात बसविणे अवघड नाही. आम्ही ती पुढच्या वर्षी कागदावर करून पाहिली. पुनरुत्थानाच्या सणापासून मे अखेरपर्यंत मोगरा, पाऊस सुरू होताना अनंत, ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास सोनटक्का आणि प्राजक्त, २ नोव्हेंबरला झेंडू, नाताळाला शेवंती, पुढे थंडीत कुंद, आणि वर्षभर आधाराला जास्वंद व अबोली. कागदाच्या एका बाजूला महिने, दुसऱ्या बाजूला जागा, आणि जिथे चौकोन रिकामा राहिला तिथे काय लावायचे याचा शोध. मोगऱ्याची रोपे आम्ही त्या आजींच्या अंगणातून आणली. पहिल्या मे महिन्यात फुले ओंजळभरच आली, पण ती आमच्या मातीतली होती. पुढल्या वर्षी आजी अंथरुणाला खिळल्या. पहिल्या शुक्रवारी त्यांना ख्रिस्तशरीर देण्यास जाताना आम्ही पानाच्या द्रोणातून थोडा मोगरा नेत असू, आणि त्या उशाशी ठेवून घेत. संत गालच्या नकाशात फुलांचा वाफा आजाऱ्यांच्या दाराशी का होता, हे आम्हांला ग्रंथांपेक्षा त्या खोलीत अधिक समजले.

प्रिय वाचकहो, मोठी वाडी आज प्रत्येकाच्या वाट्याला येणार नाही. परंतु संत गालच्या नकाशातला एक वाफाही फार मोठा नव्हता. आपल्या अंगणातील चार लाद्या उचला. एक दिवस ऊन पाहा, एका कागदावर बारा महिने लिहा, आणि प्रत्येक महिन्यासमोर फुलाचे नाव लिहिण्यापूर्वी माणसाचे नाव लिहा: वेदीसाठी, आईच्या समाधीसाठी, शेजारच्या आजाऱ्यासाठी. एक हातभर जागा कोणासाठीच नको, ती देवासाठी मोकळी राहू द्या. पुनरुत्थानाच्या पहाटे मरिया माग्दालेना हिला प्रभू माळी वाटले, असे संत योहान लिहितात. आपल्या अंगणात त्या माळ्याला उभे राहण्यापुरती तरी माती असावी.