रेषाच चुकली असेल, तर दंड कोणाला?

रस्त्याच्या कडेची पिवळी रेषा म्हणजेच कायदा, असा सर्वसाधारण समज असतो. इंग्लंडमध्ये तो अर्धाच खरा आहे. गाडी उभी करण्यावरील बंदी जन्माला येते ती वाहतूक-आदेशाच्या कागदावर. रेषा ही त्या आदेशाची दवंडी. मग दवंडीच चुकीची पिटली गेली, तर न ऐकणाऱ्याला शिक्षा करावी काय?

१९७१ च्या विधि-अहवालांत नोंदलेल्या 'डेव्हिस विरुद्ध हीटली' या खटल्यात न्यायालयाने याचे अत्यंत कठोर उत्तर दिले. तेथील दुहेरी पांढऱ्या रेषा नियमांतील आकृतीशी जुळत नव्हत्या. सुज्ञ चालकाला त्यांचा अर्थ सहज कळला असता, तरीही चिन्ह नियमबाह्य, म्हणून गुन्हाही नाही! माणसाला गुन्हेगार ठरवायचे, तर शासनाने आधी स्वतःचे नियम काटेकोर पाळावेत, हा त्याचा सरळ अर्थ.

पुढे भूमीच बदलली. १९९१ च्या रस्ते वाहतूक कायद्याने पार्किंगचे बहुतेक भंग फौजदारी कक्षेबाहेर काढून स्थानिक परिषदांकडे सोपवण्याचा मार्ग मोकळा केला. आता रेषा आखणारी, दंड लावणारी आणि त्याची रक्कम घेणारी संस्था एकच झाली. (शिलकी रक्कम कशावर खर्चावी, याला कायद्याचे बंधन होते, पण दंड भरणाऱ्याचे त्याने समाधान थोडेच होणार!) तक्रारींसाठी स्वतंत्र न्यायाधिकारी नेमले गेले, हा या व्यवस्थेवरचा उतारा.

जुन्या कठोर नियमाची खरी परीक्षा झाली ती संडरलंड शहरात. नियंत्रित पार्किंग क्षेत्रातील पिवळ्या रेषांवर गाडी उभी केल्याबद्दल नील हेरन यांना अनेक दंड झाले. त्यांचा युक्तिवाद धाडसी होता : क्षेत्रातील चिन्हांत आणि रेषांत इतक्या त्रुटी आहेत, की ते क्षेत्रच कायद्याने अस्तित्वात नाही. न्यायाधिकारी, उच्च न्यायालय आणि अखेर २०११ मध्ये अपील न्यायालय, तिन्ही ठिकाणी ते हरले. किरकोळ त्रुटींनी बंदी रद्द होत नाही. चालकाला तिची पुरेशी कल्पना मिळाली की नाही, एवढेच पाहायचे, असे अपील न्यायालयाने ठरवले.

व्यवहारदृष्ट्या हा निर्णय योग्यच म्हणावा लागेल. एका पुसट रेषेमुळे अख्खे क्षेत्र कोसळणे कोणालाच परवडले नसते. पण शासनाच्या काटेकोरपणाचे ओझे त्याने हलके केले, हेही तितकेच खरे. दिशाभूल करणाऱ्या खुणेविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग मात्र उघडाच राहिला. तेव्हापासून रेषेची रुंदी पट्टीने मोजून फारसे काही साधत नाही. चालकाच्या आसनावरून ती रेषा कशी दिसत होती, हे दाखवावे लागते.