कर्जाचा कागद



आमच्या साजगावच्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. आख्यायिका अशी की, तुकोबा मिरचीच्या व्यापारासाठी इकडे येत. गिऱ्हाइकांनी उधारी थकविली, तेव्हा त्यांनी विठोबाच्या नावाने बोंब मारली आणि देवाने ती वसूल करून दिली. ज्या देवाचे नावच उधारीवरून पडले, त्याच्या गावात कर्जाविषयी चार शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही.

काही वर्षांपूर्वी खोपोलीकडील एका कारखान्यातला तरुण कामगार आमच्याकडे कागदांचा गठ्ठा घेऊन आला. घराण्यातली पहिली मोटार त्याने घेतली होती. विक्रेत्याने त्याला किंमत विचारू दिलीच नाही. ‘महिन्याला किती झेपेल?’ एवढेच विचारले. त्याच टेबलावर कर्ज तयार झाले : ५ लाख रुपये, ५ वर्षे, व्याज ८ टक्के, हप्ता ११,६६७ रुपये. आमचे शिक्षण बेताचे. परंतु पगाराचे करार वाचून हिशेब शिकलो. ६० हप्त्यांचे ७ लाख होतात, म्हणजे व्याज २ लाख. मुद्दल दरमहा फिटत असता व्याज मात्र पाचही वर्षे पुऱ्या ५ लाखांवर धरले होते. घटत्या शिलकेवर ८ टक्के धरले असते तर हप्ता १०,१३८ रुपये आणि व्याज सुमारे १ लाख ८ हजार झाले असते. खरा दर १४ टक्क्यांच्या वर होता. खोटे कोणी बोलले नव्हते. ‘फ्लॅट’ हा एक शब्द तेवढा उलगडून सांगितला नव्हता.

हा प्रकार नवा नाही. विकणारा आणि कर्ज देणारा एकाच ओट्यावर बसला की हिशेब त्याच्या हाती जातो. आमच्या आजोबा-पणजोबांच्या काळी किराणा देणारा वाणीच सावकार असे. पुणे जिल्ह्यात १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकरी उठले आणि तो वणवा गावोगाव पसरला. त्यांचा मुख्य रोख होता खतांवर. निरक्षर माणसाला कागदाची भीती असते. म्हणून त्यांनी कागद जाळले. त्यांच्या कितीतरी आधी, तुकोबांनी स्वतःच्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली असे परंपरा सांगते. परंतु देणेकऱ्याला स्वतःचे खत बुडविता येत नाही, आणि जाळले तरी कर्ज जळत नाही.

तिसरा मार्ग १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने दाखविला. न्यायालयाने खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मूळ हिशेब तपासावा, आणि सावकाराने पावती व हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. कागद वाचण्याचा हक्क हीच त्या बंडाची खरी कमाई, असे आम्ही मानतो.

मोटारीच्या बाबतीत तो हक्क फार हळू आला. १९१९ साली अमेरिकेत जनरल मोटर्सने हप्त्यांसाठी स्वतःची वित्तसंस्था काढली. पुढे गाडीबरोबर कर्ज विकणे हाच धंदा झाला. आपल्याकडे १९७२ साली भाडे-खरेदी कायदा संमत झाला, पण तो अमलात न येताच २००५ साली रद्द झाला. हप्ता थकला म्हणून गुंड पाठवून गाडी ओढून नेणे बँकांना शोभत नाही, हे २००७ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. ‘शून्य टक्के व्याज’ अशी वस्तूच अस्तित्वात नाही, असे २०१३ साली रिझर्व्ह बँकेने बँकांना बजाविले. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जाबरोबर ठळक बाबींचे पत्रक देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व खर्च धरून वार्षिक दर आणि हप्त्यांचा तक्ता हवा. ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे. म्हणजे मराठीत मागता येते.

म्हणून पहिली मोटार घेणाऱ्यास आमचे सांगणे थोडके आहे. हप्ता विचारण्यापूर्वी रोखीची किंमत विचारा. विमा आणि शोभेचे सामान कर्जात घातले असेल तर त्यावरही व्याज भरावे लागेल, हे ध्यानात ठेवा. मुदतीपूर्वी फेडल्यास दंड किती, ते लिहून घ्या. दुसऱ्या बँकेचा दर आणा. विक्रेत्याला कर्ज मिळवून दिल्याबद्दल कमिशन मिळत असते. कोऱ्या कागदावर सही करू नका.

त्या तरुणाने साठही हप्ते फेडले. मुदतीपूर्वी फेडावे, तर दंडात बचत जात होती. शेवटचा हप्ता भरूनही गाडीच्या नोंदणीपुस्तकात वित्तसंस्थेचा बोजा तसाच राहिला होता. तिचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ घेऊन आम्ही दोघे परिवहन कार्यालयात गेलो, तेव्हा गाडी खऱ्या अर्थाने त्याची झाली. परवा त्याचा धाकटा भाऊ गाडी पाहावयास निघाला. त्याने सही करण्यापूर्वी कागद घरी आणले. दोघे भाऊ रात्री ते वाचीत बसले होते.