स्टेनलेस स्टीलचे डाखकाम

स्टेनलेस स्टीलचे डाखकाम म्हणजे अगंज पोलादाचे दोन भाग, पोलाद न वितळवता, कथिलप्रधान मिश्रधातूच्या साहाय्याने जोडण्याची किंवा पोलादी पत्र्यातील छिद्र बुजवण्याची क्रिया होय. जोड देणाऱ्या मिश्रधातूला डाख किंवा झाळ म्हणतात. बोलीत ‘डाग देणे’ आणि बाजारात ‘सोल्डरिंग’ हे शब्द रूढ आहेत. वेल्डिंगमध्ये मूळ धातूच वितळून एकजीव होतो. डाखकामात फक्त डाख वितळतो आणि दोन पृष्ठभागांमधील अरुंद फटीत केशाकर्षणाने शिरून तेथे गोठतो. डाखाचा वितळबिंदू ४५०° से.पेक्षा कमी असेल तर त्यास मऊ डाखकाम म्हणतात. त्याहून अधिक तापमानाला होणारी क्रिया म्हणजे ब्रेझिंग. वेल्डिंगचे यंत्र नसताना घरी करता येण्याजोगे काम बहुधा मऊ डाखकामाचेच असते.

पार्श्वभूमी

स्टेनलेस स्टीलचा औद्योगिक शोध इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये लावला. महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत मात्र तांब्या-पितळेचे राज्य त्यानंतरही कित्येक दशके टिकून होते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीसारख्या वस्त्या याच भांड्यांवर उभ्या राहिल्या आणि दारोदार फिरणारे कल्हईवालेही याच भांड्यांवर जगले. कल्हईवाला भांडे तापवी, त्यावर नवसागराची पूड टाकी, कथिलाची कांडी टेकवी आणि कापसाच्या बोळ्याने ते कथिल आतून पसरवी. तापलेल्या तांब्यावरचे भस्म नवसागराने निघून जाई आणि स्वच्छ धातूवर कथिल चिकटे. डाखकामाचे तत्त्वही हेच आहे. स्टीलची भांडी आल्यावर कल्हईची गरज संपली; परंतु स्टीलच्या हंड्याला भोक पडले तर ते कल्हईवाल्याच्या नेहमीच्या साहित्याने बुजत नाही, हेही लोकांच्या लक्षात आले.

सोलापूर शहरात हा प्रश्न अजून जिवंत आहे. शहराला उजनी धरण, भीमा नदीवरील टाकळी बंधारा व हिप्परगा तलाव येथून पाणी मिळते. तरी नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येणारे पाणी हंडे, कळश्या, पिंपे आणि टाक्यांत भरून ठेवावे लागते आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की साठ्याचे मोल आणखी वाढते. पत्र्याला बुडाशी किंवा सांध्यावर सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले तरी रात्रभरात बरेच पाणी वाहून जाते. अशा छिद्रासाठी वेल्डिंगवाल्याकडे जाणे नेहमी लाभाचे नसते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर वीजठिणगीचे वेल्डिंग करताना लहान भोकाचे मोठे भोक होण्याचा संभव असतो.

अडचणीचे कारण

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. भांड्यांच्या उत्तम प्रतीच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. या क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडाचा अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. हा थर काही नॅनोमीटर जाडीचा असतो. पण स्टीलला गंज न लागण्याचे सगळे श्रेय त्याचेच आहे. खरवडून काढला तरी तो हवेत लगेच पुन्हा तयार होतो. वितळलेला डाख या थरावर पसरत नाही. अळवाच्या पानावरील पाण्यासारखा गोळा होऊन घरंगळतो. जो गुण भांडे टिकवतो, तोच दुरुस्तीच्या आड येतो.

दुसरी अडचण उष्णतेची. स्टेनलेस स्टीलची उष्णतावाहकता तांब्याच्या सुमारे पंचविसाव्या भागाइतकी आहे. त्यामुळे आच एकाच जागी साचते, पत्रा तेवढ्यापुरता फुगतो आणि वाकडा होतो. तापमान फार वाढल्यास पृष्ठभागावर प्रथम गवती पिवळा आणि मग निळसर रंग चढतो. हा रंग म्हणजे ऑक्साइडाचा थर जाड झाल्याची खूण होय. अशा जागी डाख धरत नाही, ती पुन्हा घासूनच काढावी लागते.

अभिवाह

ऑक्साइडाचा थर काढून टाकणाऱ्या आणि काम होईपर्यंत तो पुन्हा बसू न देणाऱ्या पदार्थाला अभिवाह म्हणतात. बाजारात त्याला फ्लक्स म्हणतात. रेडिओ-दूरचित्रवाणी दुरुस्तीच्या डाखतारेत राळ भरलेली असते. ती तांब्याला पुरते, स्टेनलेस स्टीलला पुरत नाही. घरच्या प्रयत्नांत अपयश येते ते बहुतेक वेळा एवढ्याचमुळे. स्टीलसाठी आम्लधर्मी अभिवाह लागतो. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. झिंक क्लोराइड व हायड्रोक्लोरिक आम्ल यांचा द्रव अधिक तीव्र असतो. त्यात अनेकदा नवसागरही मिसळलेला असतो. फॉस्फरिक आम्लाचा अभिवाह तुलनेने सौम्य असून त्याचा विशेष फायदा असा की त्यात क्लोराइड नसते. क्लोराइड मागे राहिल्यास स्टीलमध्ये सूक्ष्म खड्डे पडतात आणि बुजवलेल्या छिद्राशेजारीच नवे छिद्र तयार होते.

जुने कारागीर हायड्रोक्लोरिक आम्लात जस्ताचे तुकडे विरघळवून अभिवाह घरीच करीत. या क्रियेत ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो. म्हणून ती बंद खोलीत किंवा चुलीजवळ करणे धोक्याचे आहे, आणि तयार अभिवाह विकत मिळत असताना अनावश्यकही. हातमोजे व चष्मा वापरावा. आम्ल सौम्य करायचे असल्यास ते पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये. पाणी शुद्ध करण्यासाठी घरात ठेवलेली ब्लीचिंग पावडर आणि हे आम्ल एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू सुटतो. ती दोन्ही एका फळीवरसुद्धा ठेवू नयेत.

डाखाची निवड

पूर्वापार वापरात असलेला डाख कथिल व शिसे यांचा असतो. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे हे मिश्रण १८३° से.ला वितळते, म्हणून ते काम करायला सोपे जाते. पिण्याच्या पाण्याच्या भांड्यासाठी मात्र ते पूर्णपणे वर्ज्य आहे. शिसे शरीरात साठत जाते आणि मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते. त्याची निर्धोक म्हणता येईल अशी मात्रा ज्ञात नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. भारतीय मानक आय.एस. १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. अमेरिकेने पिण्याच्या पाण्याच्या नळजोडांत शिसेयुक्त डाख वापरण्यास १९८६ मध्ये मनाई केली. दोन-दोन, चार-चार दिवस पाणी ज्यात उभे राहते त्या हंड्याच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ मानता येणार नाही.

योग्य पर्याय म्हणजे ९६.५ टक्के कथिल व ३.५ टक्के चांदी असलेला डाख. तो २२१° से.ला वितळतो, स्टीलवर चांगला पसरतो आणि शिसेयुक्त डाखापेक्षा मजबूत असतो. कथिल व ०.७ टक्के तांबे यांचा डाख स्वस्त पडतो. तो २२७° से.ला वितळतो. वेष्टनावर घटकांचे प्रमाण छापलेले नसेल तर ती तार पिण्याच्या भांड्यासाठी घेऊ नये. शीतकपाट दुरुस्त करणाऱ्यांकडील तांबे-फॉस्फरसाची कांडी तांब्याच्या नळ्यांसाठी असते. लोहयुक्त धातूवर तिचा जोड ठिसूळ होतो, म्हणून ती येथे निरुपयोगी आहे.

कृती

छिद्र नेमके कोठे आहे हे शोधण्यासाठी भांडे बाहेरून कोरडे करून त्यावर खडू फासावा व आत पाणी भरावे. ओल जेथे उमटेल तेथे खूण करावी. नंतर भांडे रिकामे करून पूर्ण वाळवावे. भेगेत पाणी राहिले तर उष्णता त्यातच खर्च होते आणि वाफेने डाख उडतो. खुणेभोवतीचा भाग पॉलिश पेपरने घासून निस्तेज करावा व अभिवाह ताबडतोब लावावा. साधी लोखंडी तारघासणी वापरू नये. तिचे कण स्टीलमध्ये रुतून पुढे गंजतात.

सुईएवढ्या छिद्राला ६० ते १०० वॉटचे सोल्डरिंग आयर्न चालते. त्याहून मोठ्या कामाला गॅसची लहान ज्योत लागते. ती डाखावर न धरता छिद्राभोवती फिरती ठेवावी. अभिवाह उकळून शांत झाला की डाखाची तार तापलेल्या स्टीलला टेकवावी. स्टीलच्या उष्णतेने डाख वितळला तरच तो धरतो. ज्योतीने वितळून वर पडलेला थेंब नखानेही निघून येतो.

छिद्र दोन-तीन मिलिमीटरपेक्षा मोठे असल्यास ठिगळ लावणे इष्ट. त्याच जातीच्या पत्र्याचा, छिद्राच्या चोहोबाजूंनी सुमारे एक सेंटिमीटर पुढे येणारा तुकडा घ्यावा. तुकड्याला व भांड्याला आधी स्वतंत्रपणे डाखाचा पातळ लेप द्यावा, मग दोन्ही एकमेकांवर दाबून तापवावेत आणि डाख गोठेपर्यंत हलवू नयेत. ठिगळ बाहेरून लावावे. तसे केल्यास पाण्याचा डाखाशी संबंध फक्त छिद्रापुरता येतो. काम थंड झाल्यावर जागा गरम पाण्याने व खाण्याच्या सोड्याने दोन-तीनदा धुवावी. धुण्यात हयगय झाल्यास चांगला जोडही काही महिन्यांत वाया जातो.

मर्यादा

डाखाची ताकद स्टीलच्या दहाव्या भागापेक्षाही कमी असते. म्हणून दोन पत्रे कडेला कड लावून केलेला जोड टिकत नाही, एकावर एक चढवलेला टिकतो. हंड्याचा कान, बादलीची कडी यांसारख्या भार पेलणाऱ्या जागांसाठी ही पद्धत योग्य नाही. प्रेशर कुकर व गॅसची नळी यांवर ती कधीही वापरू नये. डाग दिलेले भांडे चुलीवर ठेवू नये. आतले पाणी आटताच डाख वितळतो. ताक, चिंचेचे सार, लोणचे असे आंबट पदार्थही त्यात ठेवू नयेत.

दुरुस्ती डाखाने करायची की वेल्डिंगने, हे आधीच ठरवावे लागते. एकदा कथिल लागलेल्या जागेवर पुढे वेल्डिंग केल्यास वितळलेले कथिल स्टीलच्या कणांमध्ये शिरून तडे पाडते; त्यामुळे वेल्डिंगवाल्याला तेवढा पत्रा कापूनच टाकावा लागतो.