पाणी शिरलेली घरे वाळवणारा टेक्निशियन: युकेमध्ये सुरुवात कशी करावी



दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तीन आठवडे पुण्याला गेलो होतो. परत येऊन दार उघडले, तर जिन्यावरचे कार्पेट पायाखाली चपचप वाजत होते. लॉफ्टमधला पाइप गोठून फुटला होता. विमा कंपनीने पाठवलेला मुलगा जेमतेम पंचविशीचा असेल. त्याने आधी मीटर काढला, प्रत्येक भिंतीचे आकडे टॅबवर लिहिले आणि मगच मशिन्स लावली. आम्ही मात्र तोवर खिडक्या बंद करून हीटिंग फुल सोडून बसलो होतो! त्याने शांतपणे सांगितले की असे केल्याने पाणी वाफ होऊन कोरड्या खोल्यांत जाते आणि तिथे बुरशी धरते. सायक्रोमेट्रिक चार्ट आम्ही कॉलेजात परीक्षेपुरता वाचला होता. तो मुलगा त्याच्यावर पोट भरत होता.

तेव्हापासून या कामाची माहिती आम्ही जमवत आहोत. मंडळात विचारणारेही वाढले आहेत. कुणी डिपेंडंट व्हिसावर आलेले, कुणी मास्टर्स संपवून सहा महिने नोकरी शोधणारे.

इथे हे काम एवढे का लागते? मुंबईत 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला. लोकांनी चिखल काढला, फरशी धुतली, पंखे लावले. इथल्या घराचे तसे नाही. लाकडी तक्तपोशी, तिच्यावर अंडरले आणि कार्पेट, प्लास्टरबोर्डच्या भिंती, आत इन्सुलेशन. पाणी एकदा आत गेले की त्याला ऊन दिसत नाही. 2007 च्या उन्हाळ्यात हल, शेफील्ड, ट्यूक्सबरी भागांत पूर आले, तेव्हा देशभरात सुमारे 55,000 मालमत्तांत पाणी शिरले. डिसेंबर 2015 मध्ये कंब्रियातल्या हॉनिस्टर पास येथे 24 तासांत 341.4 मिमी पाऊस झाला. पण रोजचे काम पुराचे नसते. फुटलेला पाइप, गळके वॉशिंग मशीन, तुंबलेला ड्रेन, यावरच हा धंदा चालतो.

सुरुवातीला पदवी लागत नाही. ड्रायव्हिंग लायसन्स मात्र जवळपास सगळीकडे मागतात, कारण व्हॅन चालवावी लागते. भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून 12 महिनेच चालते, तेव्हा टेस्ट लवकर द्या आणि शक्यतो गिअरच्या गाडीवर द्या. लोकांच्या घरात जायचे असल्याने डीबीएस तपासणीही मागू शकतात. जाहिराती शोधताना रिस्टोरेशन टेक्निशियन किंवा ड्राइंग टेक्निशियन असे टाका. पॉलिगॉन, बेलफोर, रेनबो ही या धंद्यातली मोठी नावे, शिवाय गावोगावच्या लहान कंपन्या आहेतच.

शिक्षणात दोन नावे लक्षात ठेवा. आयआयसीआरसी या संस्थेचा डब्ल्यूआरटी हा सुमारे तीन दिवसांचा कोर्स आणि शेवटी परीक्षा. दुसरी इथली ब्रिटिश डॅमेज मॅनेजमेंट असोसिएशन, म्हणजे बीडीएमए. तिच्या टेक्निशियन आणि सीनियर टेक्निशियन अशा पायऱ्या आहेत. पुष्कळ कंपन्या हा खर्च स्वतः करतात, त्यामुळे आधीच पदरचे पैसे घालण्याची घाई नको.

काम अंगमेहनतीचे आहे, त्यात आडपडदा नको. पहिल्या दिवशी वीज सुरक्षित आहे ना ते पाहणे, सामान हलवणे, पाणी ओढणे, भिजलेले अंडरले उचलून बाहेर नेणे. पाणी कुठले यावर सगळे ठरते. नळाचे स्वच्छ पाणी ही पहिली कॅटेगरी, वॉशिंग मशीनचे दुसरी, गटाराचे किंवा पुराचे तिसरी. तिसऱ्या कॅटेगरीत हातमोजे, मास्क आणि टिटॅनसची लस यांत हयगय करायची नसते. आणखी एक. 2000 पूर्वीच्या घरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते, त्याच्यावर पूर्ण बंदी 1999 मध्येच आली. म्हणून जुन्या घरातले भिजलेले छत तपासणीआधी ओढून पाडू नये, सुपरवायझर घाई करत असला तरी.

खरे कौशल्य पुढच्या दिवसांत लागते. थंड घरात साधा डीह्युमिडिफायर मंदावतो, तिथे डेसिकंट प्रकारचा लावतात. भिंत वाळली हे हात लावून कळत नाही. त्याच घरातल्या न भिजलेल्या भिंतीचे रीडिंग घेऊन तुलना करतात. ही नोंद विमा कंपनीकडे जाते आणि तिच्यावरच बिल्डर प्लास्टर सुरू करतो. नोंद चुकली तर नवा रंग फुगतो, बुरशी येते, आणि भाड्याच्या घरात राहणारे कुटुंब पुन्हा महिनाभर लटकते. नीट मोजणारा आणि नीट लिहिणारा माणूस इथे लवकर वर जातो, असे आमचे मत. भिजलेल्या फोटोंचा अल्बम हातात धरून उभ्या असलेल्या आजीशी दोन शब्द बोलता आले पाहिजेत, हेही तितकेच.

आता पैसा आणि व्हिसा. सुरुवातीचा पगार किमान वेतनाच्या आसपास किंवा थोडा वर धरा. 21 वर्षांवरील लोकांसाठी ते एप्रिल 2025 मध्ये ताशी 12.21 पौंड झाले. रात्रीच्या कॉल-आउटचे बहुधा वेगळे मिळतात. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला आणि ग्रॅज्युएट व्हिसावाल्यांना हे काम करता येते. पण ग्रॅज्युएट व्हिसा संपत आला असेल, तर या नोकरीवर स्पॉन्सरशिप मिळेल ही आशा धरू नका. जुलै 2025 पासून स्किल्ड वर्कर व्हिसा काही अपवाद सोडता पदवी पातळीच्या कामांपुरताच आहे. कुणी पैसे घेऊन असे स्पॉन्सर मिळवून देतो म्हणाला, तर सरळ फोन ठेवा.

घरचे विचारतील, इतके शिकून लोकांची ओली कार्पेटे उचलतोस? आमच्याही घरून हाच प्रश्न आला असता. त्या मुलाच्या टॅबवरचे ग्राफ आईला दाखवायला हवे होते, असे नंतर वाटले.

इंटरव्ह्यूत तीन गोष्टी विचारून घ्या: ऑन-कॉलचा आठवडा कितीदा येतो, व्हॅन घरी आणता येते का, आणि वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास कोर्सची फी परत मागतात का. तिसऱ्याचे उत्तर लेखी घ्या.