बोटांचा स्वर आणि मिरजेचे शिकलगार

गिटार नखीने वाजते, तशी नुसत्या बोटांनीही वाजते. अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो, बाकीची बोटे चाल वाजवतात. ही कला स्पेनमध्ये विशेष बहरली. मुस्लिम राजवटीत तिथे अरबी 'ऊद' हे तंतुवाद्य पोहोचले होते. युरोपातल्या 'ल्यूट'चे नाव 'अल-ऊद'वरूनच पडले.

आमच्या जळगाव जामोदच्या मुलांना गिटारचे वेड आहे. 'सर, आपल्याकडे असे काय आहे?' असे त्यांनी विचारले की मी मिरजेचे नाव घेतो.

तंबोऱ्यालाही नखी लागत नाही. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने छेडतात. मिरजेचे शिकलगार पूर्वी तलवारींना धार लावत. शस्त्रांचे दिवस सरले, तसा धंदा बसला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्यांच्यातल्या फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडवायला घेतली, आणि शिकलगारांचे 'सतारमेकर' झाले. भोपळा पंढरपूरच्या बाजूचा, हात मिरजेचे. घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी जुळवायची. तिथे कान पक्का लागतो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (निधन १९३७) मिरजेतच स्थायिक झाले. त्यांचे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांच्यामागे घुमणारा तंबोरा कोणी घडवला, हे मात्र कोणी विचारत नाही.

२०२४मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मराठी मैफल ज्या स्वरावर उभी राहते, तो मुसलमान कारागिराच्या हातून आला आहे. आपल्या मुलांनी हे पाठ करू नये, हक्काने सांगावे.