ताउसुगांचे काळे कालवण

राजांच्या लढायांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकतो. चुलीचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही आपणांस फिलिपाइन्सच्या दक्षिणेकडील सुलू बेटांवरच्या स्वयंपाकघरात नेणार आहोत. तेथे ताउसुग हे मुसलमान लोक राहतात. ‘ताउ’ म्हणजे माणूस, ‘सुग’ म्हणजे समुद्राचा प्रवाह. प्रवाहाकाठची माणसे ती.

त्यांच्या लग्नाला व ईदेला ‘तियुला इतुम’ हे कालवण हवेच. नावाचा अर्थच मुळी काळा रस्सा. खोबरे पार कोळसा होईपर्यंत जाळायचे, हळद, आले, लसूण, गवती चहा, मिरची यांबरोबर वाटायचे आणि गोमांसाच्या रश्श्यात शिजवायचे. आपल्याकडेही काळ्या रश्श्यासाठी खोबरे विस्तवावर भाजतात. पण ‘करपले’ म्हणून आपण जेथे हात आखडतो, तेथून त्यांचे काम सुरू होते!

या रश्श्याला ‘राजघराण्याचे अन्न’ म्हणतात. म्हणोत बापडे. आम्ही उभा जन्म कामगारांत काढला. राजाचे ताट म्हटले की ते कोणाच्या श्रमाने भरले, हा प्रश्न आमच्या मनात आधी येतो. जेम्स वॉरन या इतिहासकाराने १९८१ साली त्याचे सविस्तर उत्तर दिले आहे. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत सुलूच्या सुलतानांचे वैभव मोती, समुद्रकाकडी व पाखरांची खाद्य घरटी चीनच्या व्यापाऱ्यांना विकण्यावर उभे होते, आणि हा माल गोळा करणाऱ्यांत धाडी घालून पकडून आणलेल्या गुलामांचा भरणा मोठा होता. राजघराण्याच्या रश्श्यामागे हेही हात आहेत.

गरिबाचा आधार म्हणजे कसाव्याचा कंद. आपला उपासाचा साबुदाणा ज्यापासून होतो तोच. मूळचा तो अमेरिकेतला, मिरचीही तिकडचीच. अकापुल्को ते मनिला ही स्पॅनिश जहाजे १५६५ पासून १८१५ पर्यंत चालली; त्या दर्यावर्दी व्यापाराने ही पिके पूर्वेकडे पसरली. याच स्पॅनिशांनी १५७८ पासून सुलूवर स्वाऱ्या केल्या, आणि होलो शहरात त्यांचे पाऊल कायमचे रोवले गेले ते १८७६ साली. शत्रूचा अंमल तीन शतके दारात अडवला, कंद मात्र घरात घेतला! कडू जातीच्या कसाव्यात विष असते. म्हणून तो किसायचा, पाणी घट्ट पिळून टाकायचे; मग वाफवला की ‘प्युतू’, तव्यावर परतला की ‘स्यांगलाग’. भाताची जागा तो बिनतक्रार घेतो.

फेब्रुवारी १९७४ मध्ये सरकारी फौज व मोरो बंडखोर यांच्या लढाईत होलो जळून गेले. हजारो माणसे बोटींनी झांबोआंगा शहराकडे पळाली. त्या शहरात आज भल्या सकाळी ‘सात्ती’ची दुकाने उघडतात. काडीवर भाजलेले मांस आणि भाताच्या वड्या, वर तिखट, दाट रस्सा. पदार्थ ताउसुगांचा, न्याहारीला बसणाऱ्यांत ख्रिस्ती शेजारीही पुष्कळ असतात.